सीपॅपने हार्ट अटॅक टळत नसेल, तर वडिलांनी मशीन का लावायचं?

प्रश्न: वडील ५८ वर्षांचे, वजन ९४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. ब्लड प्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला नाही. पेपर वाचता वाचता डुलकी लागते, मागच्या महिन्यात सिग्नलला गाडी उभी असताना डोळा लागला. आई म्हणते, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो. स्लीप स्टडीत एएचआय (तासाला श्वास अडण्याचा आकडा) ३८, ऑक्सिजन कमीत कमी ७१ टक्के, एपवर्थ स्कोअर (दिवसा किती झोप येते याच्या प्रश्नावलीतले गुण) १७. डॉक्टरांनी स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, आहे म्हटलं आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून सतत हलक्या दाबाने हवा सोडणारं मशीन, सांगितलं. पण मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात सीपॅपने हार्ट अटॅक आणि स्ट्रोक कमी झाले नाहीत असं वाचलं आणि वडील आता तेच धरून बसलेत. वजनाच्या नव्या इंजेक्शनने हा आजार जातो असंही कुणी सांगितलं. पन्नासेक हजारांचं मशीन घ्यावं का?

उत्तर:

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ते संशोधन नीट झालेलं आहे आणि त्याचा निष्कर्षही तोच आहे. मात्र तुमच्या वडिलांसारखी माणसं त्यात नव्हती. ती ठरवून वगळली होती. छातीरोग आणि झोपेतल्या श्वसनविकारांच्या ओपीडीत हल्ली बरेच जण मोबाईलवर हीच बातमी दाखवतात आणि तेवढ्यावर मशीन परत करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वडिलांचा रिपोर्ट हातात घ्या. पहिल्या पानावरचे आकडे सगळे बघतात, मागच्या पानांवरचे आलेख कुणी उघडत नाही. ते उघडा. वरची रेघ नाकातून जाणाऱ्या हवेची. ती वरखाली होत असते आणि एके ठिकाणी सपाट होते. तिच्या खाली छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या दोन रेघा आहेत, त्या मात्र थांबत नाहीत. छाती आत ओढली जाते तेव्हा पोट बाहेर येतं, दोन्ही उलटसुलट हलत राहतात. याचा अर्थ श्वास घ्यायची धडपड चालू आहे, पण घशाची वाट मिटली आहे. ऑक्सिजनची रेघ लगेच पडत नाही. फुप्फुसातलं रक्त बोटाच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून ती उशिराने घसरते आणि पुष्कळदा श्वास परत सुरू झाल्यावर तळाला जाते. तपासणी लॅबमध्ये झाली असेल तर मेंदूच्या रेघांवर त्याच वेळी काही सेकंदांची जाग दिसेल, नाडी वाढलेली दिसेल आणि हवेची रेघ एकदम उसळलेली दिसेल. आईला जो मोठा घुरका ऐकू येतो तो हाच. वडिलांना सकाळी यातलं काही आठवत नाही.

हवा जवळजवळ पूर्ण बंद होऊन किमान दहा सेकंद तशीच राहिली तर तो अॅप्निया. प्रवाह ३० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाला आणि सोबत ऑक्सिजन उतरला किंवा जाग आली तर तो हायपॉप्निया. दोन्ही मिळून तासाला किती, ते एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३८ म्हणजे साडेसहा तासांच्या झोपेत अडीचशेच्या आसपास वेळा. यात एक बारकावा आहे. हायपॉप्निया धरताना काही लॅब ऑक्सिजन ३ टक्के उतरला तरी मोजतात, काही ४ टक्के लागतो म्हणतात. त्यामुळे एकाच माणसाचा एएचआय दोन ठिकाणी वेगळा येऊ शकतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत याने निर्णय बदलत नाही. ७१ टक्के ऑक्सिजन आणि सिग्नलला लागलेला डोळा पुरेसं सांगतात.

आता संशोधनाकडे. सीपॅपची सुरुवात सिडनीतली. कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला: नाकावाटे हलक्या दाबाने सतत हवा सोडली की घसा मिटत नाही आणि रात्रभर श्वास चालू राहतो. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. त्यामुळे या पाच रुग्णांच्या लेखाने सगळं बदललं. श्वास सुरू राहतो हे पहिल्या रात्रीपासून डोळ्यांना दिसत होतं. पुढची वर्षं वाद चालू राहिला तो हृदयाबद्दल.

२००५ मध्ये स्पेनच्या सारागोसामधल्या होसे मारिन यांच्या गटाने पुरुषांचा सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा छापला. उपचार न घेतलेल्या तीव्र रुग्णांत हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू दर १०० व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे १०० माणसांत वर्षाला) १.०६, सीपॅप लावणाऱ्यांत ०.३५, निरोगी पुरुषांत ०.३. हे आकडे पाहून आम्ही सगळेच हुरळलो होतो. पण त्यात मशीन कुणी लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. उपचार न घेतलेले म्हणजे मुख्यतः ज्यांनी नकार दिला ते. जो माणूस रोज रात्री मास्क लावतो, तो बहुधा गोळ्याही वेळेवर घेतो, फिरायलाही जातो, तपासणीलाही येतो. फायदा मास्कचा किती आणि त्या शिस्तीचा किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. 'मशीन लावा, नाहीतर हार्ट अटॅक येईल' हे वाक्य तिथून आलं आणि आजही विक्रेते ते बिनदिक्कत वापरतात. माझ्या मते त्या वाक्यानेच रुग्णांचं नुकसान केलं, कारण ते डळमळीत झालं की माणसं मशीनच टाकून देतात.

तुम्ही ज्याबद्दल वाचलंत ते संशोधन म्हणजे बहुतेक 'सेव्ह'. ऑस्ट्रेलियातल्या डग मॅकएव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली झालेलं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं. सात देश, ८९ केंद्रं, २,७१७ रुग्ण. त्यात भारतही होता. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सीपॅप, आणि कुणाला काय हे संगणकाने ठरवलं. सरासरी ३.७ वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून सीपॅप गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.४ टक्के. तो फरक योगायोगाने येऊ शकेल एवढाच. म्हणजे मशीनने हृदयाचा बचाव झाल्याचं दिसलं नाही.

मग या लोकांची निवड कशी झाली होती ते बघा. एक, सगळ्यांना आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार झालेला होता. तुमच्या वडिलांना तो नाही. दोन, एपवर्थ १५ पेक्षा जास्त असलेल्यांना घेतलंच नाही. वडिलांचा १७ आहे. तीन, गेल्या वर्षभरात गाडी चालवताना झोप लागून अपघात झालेले किंवा थोडक्यात वाचलेले लोकही वगळले होते, आणि पेशाने ड्रायव्हर असलेलेही. चार, रात्रीच्या दहा टक्क्यांहून अधिक वेळ ज्यांचा ऑक्सिजन ८० च्या खाली राहतो तेही बाहेर. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ८० खालच्या वेळेचा आकडा स्वतंत्र दिलेला असतो, तो बघून घ्या. तो कमी असला तरी पहिले तीन मुद्दे उरतातच.

संशोधकांनी अशा रुग्णांना वगळलं यात काही चूक नाही. झोपेने डोळे मिटणाऱ्या माणसाला अभ्यासापायी तीन-चार वर्षं बिनउपचाराचं ठेवून गाडी चालवू देणं कुठल्याही नीतिसमितीला मान्य होणार नाही. सेव्हमधल्या रुग्णांचा एपवर्थ सरासरी साडेसातच्या आसपास होता, म्हणजे दिवसा फारशी झोप न येणारी माणसं. त्यांच्याबद्दलचा निकाल त्यांच्यापुरता घ्यायचा.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासात मशीन सरासरी रात्री ३.३ तास वापरलं गेलं. सुरुवातीला आठवडाभर खोट्या दाबाच्या मशीनवर चाचणी घेऊन, रोज तीन तास तरी लावणारेच निवडले होते. तरीही पुढे वापर एवढाच राहिला. रात्री अकराला मास्क लावायचा आणि अडीचला काढून टाकायचा, असं ते झालं. आणि झोपेचा सगळ्यात धोक्याचा भाग अडीचनंतर येतो. स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप पहाटेकडे दाट होते. त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात, श्वास सगळ्यात लांब थांबतात, ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. वडिलांचा ७१ बहुधा तिथलाच असेल. रिपोर्टमध्ये 'आरईएम एएचआय' वेगळा लिहिलेला असला तर पडताळून पाहा. मशीन पहिल्या प्रहरात लावून काढून टाकलं तर उपचार सोप्या तासांचा होतो आणि अवघड तास तसेच राहतात.

२०२३ मध्ये सेव्ह, स्पेनमधला आणि स्वीडनमधला असे तीन अभ्यास एकत्र करून ४,१८६ रुग्णांची माहिती पुन्हा तपासली गेली. एकूण गटात पुन्हा फरक नाही. जे रोज चार तास किंवा जास्त लावत होते त्यांच्यात हृदय-मेंदूच्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. हा आकडा आशादायक आहे, पण शिस्तीच्या माणसांचा जो प्रश्न मी सारागोसाच्या अभ्यासाबद्दल मांडला तो इथेही पूर्ण सुटत नाही. म्हणून हृदय वाचेल असं वचन मी कुणाला देत नाही.

मग वडिलांनी मशीन लावायचं कशासाठी? दिवसा जागं राहण्यासाठी. तेवढं कारण भरपूर आहे. सेव्हमध्ये, झोप फारशी न येणाऱ्या लोकांतसुद्धा आणि तुटपुंज्या वापरातही, दिवसाची झोप कमी झाली, मन:स्थिती सुधारली, कामावरच्या रजा कमी झाल्या. ज्यांचा एपवर्थ १७ आहे त्यांच्यात हा फरक घरच्यांना काही आठवड्यांत दिसतो. उपचार न घेतलेल्या स्लीप अॅप्नियात गाडीच्या अपघाताचा धोका दुप्पट-अडीचपट असतो, आणि तो मशीनने कमी होतो. सिग्नलला डोळा लागला ही गोष्ट घरात हसण्यावारी नेली असेल तर तसं करू नका. पुढची डुलकी द्रुतगती मार्गावर लागू शकते, आणि तिथे वडिलांसोबत दुसऱ्या गाडीतली माणसंही असतात.

ब्लड प्रेशरवर परिणाम होतो, पण माफक. सरासरी दोन-तीन अंक. तीन किंवा जास्त गोळ्यांनीही न उतरणाऱ्या ब्लड प्रेशरवर स्पेनमध्ये १९४ रुग्णांचा अभ्यास झाला (२०१३), त्यात बारा आठवड्यांनी चोवीस तासांचं सरासरी प्रेशर ३.१ अंकांनी जास्त उतरलं, आणि ज्यांनी जास्त तास लावलं त्यांचं जास्त उतरलं. वडिलांच्या गोळ्या या भरवशावर बंद करायच्या नाहीत.

'हा आजार आपल्याकडे कुठे असतो' असंही वडील म्हणत असतील. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या झरीर उदवाडिया यांच्या गटाने ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये छापला. हे आजारी म्हणून आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले होते. त्यांच्यात झोपेतल्या श्वसनविकाराचं प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसाच्या झोपेसह पूर्ण आजाराचं ७.५ टक्के निघालं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली पुरुषांतला हाच दुसरा आकडा ४ टक्के आला होता. आपल्याकडे जबड्याची आणि घशाची ठेवण अशी असते की वजन फार नसतानाही हा आजार होतो. मुंबईच्या त्या अभ्यासात बायका नव्हत्या, आणि हे मला नेहमी खटकतं. विस्कॉन्सिनमध्ये ९ टक्के बायकांतही श्वास थांबणं सापडलं होतं. बायका 'झोप येते' म्हणत नाहीत. थकवा, डोकेदुखी, रात्री झोपमोड सांगतात आणि पाळी गेल्याचं किंवा नैराश्याचं लेबल लावून घरी जातात. आई वडिलांच्या श्वासावर लक्ष ठेवून जागतेय, तर तिच्या झोपेचीही एकदा चौकशी करा.

इंजेक्शनबद्दल. ते टिरझेपटाइड. २०२४ मध्ये ४६९ स्थूल रुग्णांवरचे दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. ५२ आठवड्यांनी एएचआय औषधाच्या गटात तासाला २५ ते २९ ने उतरला, खोट्या इंजेक्शनच्या गटात पाचच्या आसपास. वजन १८ ते २० टक्क्यांनी घटलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थूलपणासोबतच्या मध्यम-तीव्र स्लीप अॅप्नियासाठी त्याला मान्यता दिली. हे औषध खरंच मोठी गोष्ट आहे आणि वडिलांचा बीएमआय ३३ च्या पुढे असल्याने ते विचारात घेण्यासारखं आहे. पण तिथल्या रुग्णांचा एएचआय सुरुवातीला पन्नासच्या आसपास होता. २५ ने उतरून पुष्कळ जण आजारातच राहिले. पूर्ण परिणामाला वर्ष लागतं, मळमळ-उलटी-जुलाब होतात, आणि बंद केलं की वजन परत येतं. सिग्नलला डुलकी आज लागतेय. त्यामुळे मशीन आता, औषधाचा निर्णय डायबेटिसच्या किंवा वजनाच्या डॉक्टरांशी बोलून, आणि दहा-पंधरा किलो उतरल्यावर पुन्हा स्लीप स्टडी. तेव्हा कदाचित मशीन सुटेल.

टाळूचं ऑपरेशन, दातांत बसवायचं उपकरण, जिभेच्या नसेला चेतवणारं यंत्र हे सगळं आहे; पण एएचआय ३८ आणि ७१ टक्के ऑक्सिजन असताना पहिली पसंती त्यांना देऊ नये. तोंडावर पट्टी लावण्याचं सध्याचं खूळ तर वडिलांसारख्यांसाठी धोक्याचंच.

मशीन घेण्याआधी एक रक्ततपासणी करून घ्या: सीरम बायकार्बोनेट. ते २७ किंवा जास्त आलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासावा लागेल, कारण लठ्ठपणात काही जणांचा दिवसाचा श्वासही अपुरा असतो आणि त्यांना कधीकधी साध्या सीपॅपऐवजी बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) लागतं. ही तपासणी राहून जाते आणि मग 'मशीन लावूनही डोकं दुखतं' म्हणून रुग्ण परत येतो.

हृदय अशक्त असणाऱ्यांबाबत आणखी एक सावधगिरी आहे. काहींचा घसा उघडा असतो पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही, त्याला सेंट्रल अॅप्निया म्हणतात. अशा हृदयरुग्णांवर एका वेगळ्या प्रकारच्या मशीनचा 'सर्व्ह-एचएफ' हा अभ्यास २०१५ मध्ये आला, आणि त्यात मशीनच्या गटात मृत्यू वाढलेले निघाले. वडिलांच्या रेघांत छाती-पोट हलताना दिसत असतील तर त्यांचा आजार तो नाही. पण मशीन म्हणजे निरुपद्रवी वारा, असं समजून कुणाचं तरी जुनं मशीन आणून लावायचं नाही.

पहिला आठवडा सगळं ठरवतो. लगेच विकत घेऊ नका. ऑटो-सीपॅप (दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन) महिनाभर भाड्याने मिळतं, ते घ्या. मास्क दुकानात बसून नव्हे, आडवं झोपून, मशीन चालू करून बसवून घ्या, कारण आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो. पट्टे घट्ट आवळले की हवा थांबेल असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं, मास्कची मऊ कड चुरगळते, हवा डोळ्यांकडे फुसफुसते आणि नाकाच्या हाडावर लाल वण पडतो. एक-दोन बोटं पट्ट्याखाली जातील एवढंच आवळा. दाट मिशी असेल तर नाकपुड्यांवर बसणारा लहान मास्क बघा. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा उपचार, नाहीतर तोंड उघडतं आणि पहाटे घसा कोरडा पडून मास्क फेकला जातो. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसू द्या. जागेपणी सवय झाली की झोपेत भांडण कमी होतं. लाईट गेली तर गुदमरेन ही भीती बहुतेकांना असते. मास्कला हवा बाहेर जाण्याची भोकं असतात, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला सुरक्षा झडप असते, आणि माणूस जागा होतो. वीज वारंवार जात असेल तर मशीन इन्व्हर्टरवर घ्या. रात्रीचं मद्य आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी दोन्ही बंद.

दोन आठवड्यांनी मशीनमधला डेटा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चार आकडे विचारा: रोज सरासरी किती तास, किती रात्री चार तासांच्या वर, लीक (मास्कमधून हवेची गळती) किती, आणि मशीन चालू असताना उरलेला एएचआय किती. उरलेला पाचच्या आत हवा. तास कमी असतील तर वडिलांना रागावू नका, मास्क बदला, दाब तपासा, नाक बघा. लक्ष्य सहा तास आणि त्यात पहाट आलीच पाहिजे. एपवर्थ पुन्हा भरून घ्या, पण वडिलांसोबत आईलाही विचारून. झोप येते का हे बरेच पुरुष कमी करून सांगतात. एपवर्थ दहाच्या आत येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.